कड्यावरचा वारा पडला

१

पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. खालच्या गावांतली माणसं त्यांना सरळ ‘पंखे’ म्हणतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या कृष्णातला ‘पंखेवाला’. फौजेतून हवालदार होऊन परतलेल्या माणसाला हे नाव ऐकून सुरुवातीला रागच यायचा. म्हणायचा, "आरं, मी काय लग्नातला पंखेवाला हाय व्हय?" पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? पुढं पुढं तो स्वतःच फोनवर "पंखेवाला बोलतोय" म्हणायला लागला.

काम बसून करायचं. कंट्रोल रूममध्ये एक मोठा पडदा, पडद्यावर सगळं पठार, आणि प्रत्येक मशीनच्या जागी एक छोटा बाण. बाणाचं टोक म्हणजे मशीनचं तोंड. वारा जिकडून येतो तिकडं मशीन आपोआप तोंड करतं. त्यामुळं पावसाळ्यात सगळे बाण पश्चिमेकडं, शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे. मशीनच्या डोक्यात काही बिघडलं की टॉवरच्या पोटातल्या शिडीनं माणसाला वर चढावं लागतं, आणि वारा जोराचा असला की चढायचं नाही. वारा बघून ‘चढ’ म्हणायचं काम कृष्णातचं. त्यानं म्हटल्याशिवाय शिडीच्या पहिल्या पायरीवर कुणी पाय ठेवत नसे. इतक्या वर्षांत त्याच्या शब्दावर चढलेला प्रत्येक माणूस धडधाकट खाली आला होता. या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. बोलून दाखवायचा नाही, पण होता.

उरलेल्या वेळात तो वादळं बघायचा.

हे खूळ लेकीनं लावलेलं. शिवांजली सांगलीला कॉलेजात. सुट्टीत आली तेव्हा तिनं परदेशातल्या हवामान शास्त्रज्ञांची एक वेबसाइट उघडून दिली. उपग्रहांनी गेल्या कित्येक वर्षांत समुद्रावरच्या वादळांची चित्रं काढून ठेवलीत, ढीगभर. एवढी बघायला शास्त्रज्ञांना सवड नाही, आणि यंत्राला माणसाची नजर नाही. म्हणून जगभरातली साधी माणसं घरबसल्या ती बघतात. ढगांचा आकार कसला, वादळ वाढलं का उतरलं ते सांगायचं, आणि मधोमध डोळा, म्हणजे ढगांतलं गोल भोक, दिसला तर त्यावर खूण करायची. खूण केली की पुढचं चित्र येतं. एकच चित्र पुष्कळ जणांना दाखवतात आणि सगळ्यांच्या मतांतून एक मत काढतात.

"पैसे किती देतात?" कृष्णातनं विचारलं होतं.

"पप्पा, सेवा म्हणून करायचं. तुम्ही नाहीतरी दिवसभर वाराच बघता."

"वारा न्हाई गं, बाण बघतो," तो म्हणाला. पण लवकरच तो त्यात असा रंगला की डबा गार व्हायला लागला. निळ्या-पांढऱ्या ढगांची चकली, मध्ये काळं भोक. बघत बसावंसं वाटायचं.

२

भाद्रपदात कड्यावरचं मशीन बिघडलं. मशीनना नंबर आहेत, पण पठारावर नंबर कुणी बोलत नाही. देवळाजवळचं, तळ्याचं, कड्यावरचं, असंच चालतं. कड्यावरच्याच्या डोक्यात तेलाची नळी फुटली होती, आणि ती बदलायला मिरजेहून अजमल आला होता.

अजमल म्हणजे हसरा गडी. शिडी चढताना गाणी म्हणणारा. पण या खेपेला त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. बायको नूरीनचे दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण. साताऱ्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, मशीन चालू कर आणि मग खुशाल जा. आणि वारा काही पडायला तयार नव्हता. रोज सकाळी अजमल बेल्ट बांधून तयार, आणि रोज कृष्णात मान हलवायचा.

"दादा, जरासाच तर जास्त हाय. जाऊ द्या की."

"जरासाच माणूस पडतो का रं वरनं? पडला की अख्खा पडतो. बस गप."

अजमल बसायचा, उठायचा, फोन बघायचा, परत बसायचा. त्या दिवशी दुपारी त्यानंच चहा केला. कृष्णात एका नव्या वादळावर वाकून बसला होता. जरा वेगळंच होतं ते. एरवी चित्राखाली वादळाचं नाव असतं, साल असतं, आधी किती जणांनी बघितलं तेही असतं. इथं नाव नाही, साल नाही. नुसतं इंग्रजीत एक वाक्य: हे वादळ बघणारे तुम्ही पहिलेच. डोळा मात्र चित्राच्या मधोमध, बटणाच्या भोकासारखा स्वच्छ.

"घ्या दादा," म्हणत अजमलनं कप ठेवला तो नेमका कृष्णातच्या कोपरावर. चहा सांडला, हात उडाला, आणि खूण जाऊन पडली भलतीकडंच, वर डावीकडं, जिथं डोळा काय, धड ढगसुद्धा नव्हता.

"आरं आरं आरं!" कृष्णात ओरडला. पण केलेली खूण मागं घेता येत नाही. पुढचं चित्र आलंसुद्धा.

या चित्रात डोळा वर डावीकडं होता. बरोबर खूण पडली होती तिथं.

कृष्णात थोडा वेळ बघत राहिला. मग स्वतःशीच म्हणाला, वादळ चालतं की. सरकलं असेल. आणि त्यानं फडकं आणून टेबल पुसलं.

३

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आल्या आल्या तो पडद्यासमोर थबकला. कड्यावरच्या मशीनपाशी वारा शून्य. शेजारच्या सगळ्या मशीनना घोंघावता वारा, आणि मध्ये ह्या एकाला नाही.

"आता वारा मोजायचं यंत्रबी गेलं वाटतं," तो म्हणाला. "अजमल, जा, बघून ये."

अजमल मोटरसायकलवर गेला. थोड्या वेळानं वॉकीटॉकी खरखरली.

"दादा, यंत्राला काय झालं न्हाई. हितं खरंच वारा न्हाई. काडी वढली, तर ज्योत सरळ उभी हाय. पलीकडं गवत पार आडवं झालंय, आणि मी उभा हाय तिथं कुसळ हलंना! चढू का?"

"थांब. मी सांगितल्याबिगर पाय ठेवू नको."

कृष्णातनं पुन्हा बाण बघितले, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. कड्यावरच्या मशीनच्या आसपासची सगळी मशीनं पश्चिम सोडून वळली होती. देवळाजवळचं, तळ्याचं, वाटेवरची सगळी. प्रत्येकाचा बाण कड्यावरच्या मशीनकडं.

तो दुर्बीण घेऊन बाहेर आला. खरंच होतं. उंच पांढरे खांब, आणि सगळ्यांची तोंडं एका जागेकडं.

आता कृष्णात काही भुताखेताला भिणारा गडी नव्हता. सीमेवर मढ्यांशेजारी पहारा दिलेला माणूस. तो विचार करायला लागला. वाऱ्याचा भोवरा असेल का? पण भोवरा असता तर घाण्याच्या बैलांसारखी मशीनं एकामागं एक तोंड करून उभी राहिली असती. ही तर सरळ आत बघत होती. मशीन कुठं तोंड करतं? वारा येतो तिकडं. म्हणजे चारी बाजूंना वारा सुटतोय तो कड्यावरून. आणि कड्यावर तर वाराच नाही. जे नाही ते येईल कुठून?

याच्या पुढं त्याचं डोकं चालेना. तो आत आला आणि कारण नसताना दार लावून घेतलं.

४

"पप्पा, डोळ्यात वारा नसतो," शिवांजली फोनवर म्हणाली. मागं कॉलेजच्या कँटीनचा गोंगाट. "भोवती सगळ्यात जास्त वारा आणि मध्ये एकदम शांत. लोक तिथंच फसतात. वाटतं वादळ संपलं, बाहेर पडतात, आणि डोळा पुढं सरकला की दुसऱ्या बाजूचा वारा धाडकन येतो. का हो?"

"आणि ती चित्रं जुनी हायत न्हवं?"

"जुनीच. काही तर माझ्या जन्माच्या आधीची. ती वादळं कधीच विरून गेली."

"मग आपण खूण भलतीकडं केली म्हणून वादळ काय तिकडं जात न्हाई."

ती हसली. "पप्पा! झालेलं वादळ कसं जाईल? जेवला का तुम्ही?" त्यानं त्या बिननावाच्या वादळाचं सांगितलं, तेव्हा तिनं आपल्या फोनवर शोधलं. तिला ते सापडलं नाही. पहिलेच तुम्ही, असं कुठल्याच चित्राखाली लिहिलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर कृष्णात उगाच पेन शोधायला लागला, उगाच पाणी प्याला. शेवटी कॉम्प्युटरसमोर बसला. मनाला म्हणाला, एकदा करून बघू, म्हणजे वहीम तरी जाईल. अजमलला त्यानं आधी परत बोलावून घेतलं होतं, एवढं मात्र बरं केलं.

चित्रातला डोळा अजून वर डावीकडंच होता. त्यानं अगदी केसभर बाजूला खूण केली.

पुढच्या चित्रात डोळा केसभर सरकलेला. आणि मोठ्या पडद्यावर तळ्याच्या मशीनचा वारा उतरत उतरत शून्यावर आला. सगळे बाण कुरकुरल्यासारखे वळले आणि तळ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात कड्याकडून मोठा आवाज झाला. तिथं सामानाची पत्र्याची शेड होती. तिच्या छपराचा पत्रा वाऱ्यानं उचलून दरीत नेला होता.

कृष्णातनं घाईनं माऊस ओढला. त्यानं खूण पुन्हा पहिल्या जागी केली. डोळा कड्यावर आला. बाणही आले. त्याला लय भ्या वाटलं, आणि ते सांगायचं कुणाला हे कळेना. साताऱ्याच्या साहेबांना? "साहेब, मी फोटोवर टिचकी मारली आणि पठाराचा वारा हलला." दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.

५

दार ढकलून अजमल आत आला तो रडवेला.

"दादा, नूरीनला दवाखान्यात नेलं. कळा सुरू झाल्यात. आमच्या अम्मीचा फोन होता. मला चढू द्या, नळी बदलतो, आणि जातो. वारा न्हाईच तर हाय तिथं!"

कृष्णातनं त्याच्याकडं बघितलं, मग चित्राकडं बघितलं. आता खरं सांगायचं तर नियमानं अडवण्यासारखं काहीच नव्हतं. पडद्यावर वारा शून्य. शून्यात माणसाला चढू नको म्हणणारा वेडा ठरला असता. आणि दुसरंही एक होतं. पोराचा चेहरा बघवत नव्हता. त्याला वाटलं, आयतं मिळालंय तर वापरू. आपण खुणेला हात लावला नाही, तर डोळा जाईल कुठं?

"चढ," तो म्हणाला. "पर बिगीबिगी उरक. आणि मी खाली ये म्हटलं की हातातलं टाकून यायचं."

अजमल पळाला.

कृष्णातनं माऊस उचलून कपाटावर ठेवला. मग तिथूनही पडेल अशी भीती वाटली म्हणून फडक्यात गुंडाळून खाली ठेवला. स्वतःलाच हसू आलं, पण काढला नाही. वॉकीटॉकीवर अजमलची धाप ऐकू येत होती, शिडीवर बूट वाजत होते. मग झाकण उघडल्याचा आवाज. मग नुसती हत्यारांची खुडबुड. गाणं नव्हतं.

"दादा."

"बोल."

"बाकीची मशीनं तुमी फिरवताय का?"

"न्हाई. का रं?"

"त्येंची तोंडं माझ्याकडं हायत."

"सकाळपासनं तशीच हायत. तू नळी बघ."

"तसं न्हाई, दादा. मी डाव्या अंगाला आलो, तर ती तिकडं वळली. आता उजवीकडं आलोय. पडदा बघा जरा."

कृष्णातनं बघितलं. पडद्यावरचे सगळे बाण हळूच, जेमतेम कळेल एवढे सरकले, आणि थांबले.

"वाऱ्यानं असंल," तो म्हणाला. म्हणताना त्याला आपलाच आवाज खोटा वाटला.

"वारा कुठं हाय? पाती बी थांबल्यात सगळ्यांची. बंद करा की ती मशीनं."

आसपासची सगळी मशीनं पडद्यावर बंदच दिसत होती. वारा घोंघावत होता आणि पाती थांबलेली होती, आणि बंद मशीन तोंड फिरवत नाही. हे त्यानं अजमलला सांगितलं नाही.

"अजमल, खाली ये."

"दोन बोल्ट राहिलेत."

"राहू देत. खाली ये म्हणतो न्हवं!"

खुडबुड थांबली. कृष्णात उभा राहिला. वॉकीटॉकीत अजमलचा श्वास तेवढा ऐकू येत होता, जवळ, अगदी कानाशी.

"दादा," अजमल हळू आवाजात म्हणाला, "वरती ढगाला गोल भोक पडलंय. त्यातनं…"

"त्यातनं काय?"

शिडीवर धडाधड बूट वाजायला लागले.

६

अजमल कंट्रोल रूममध्ये आला तो नुसता उभा राहिला. कृष्णातनं पाणी दिलं, ते प्याला.

"काय बघितलं रं?"

"काय न्हाई. दोन बोल्ट राहिले, पर मशीन चालंल." मग जरा थांबून, "दादा, मला जाऊ द्या. आणि एक सांगू? तुमी बी आज लवकर घरी जावा."

कंपनीची जीप मिरजेकडं जाणारच होती, तीत तो बसला. वळणावर जीप दिसेनाशी होईपर्यंत कृष्णात ओट्यावर उभा होता. पोरगा धडधाकट खाली आला, एवढं त्याला पुरे होतं. त्याचा ऊर जरा हलका झाला.

पण ते कड्यावर होतंच. संध्याकाळी देवळात दिवा लावायला पुजारी येतो, गुराखी कड्याच्या अंगानंच गुरं वळवतात. ते तिथं ठेवून घरी जायचं त्याच्या जिवावर आलं. कृष्णातनं फडक्यातून माऊस काढला.

चित्रात खाली उजवीकडचा कोपरा मोकळा होता. नुसता राखाडी-निळा, ढगाचा टिपूस नाही. ही सगळी चित्रं समुद्राचीच, म्हणजे तो समुद्र असणार. पाण्याचं पाण्यात जाऊ दे, असं म्हणून त्यानं पार कोपऱ्यात खूण केली. आपल्या दारातला केर लोटावा तशी.

पुढच्या चित्रात डोळा कोपऱ्यात होता, लहानसा, गोल. बाहेर एकदम वाऱ्याचा लोट आला, दारं-खिडक्या थडथडल्या, आणि बाण एकेक करून पश्चिमेकडं वळले. पाती फिरायला लागली. कड्यावरचं मशीनसुद्धा फिरायला लागलं. कृष्णातनं डबा उघडला आणि गार भाकरी अशी चवीनं खाल्ली की बस्स. खूण आणि वादळ, सगळं मनातून काढून टाकलं.

७

दिवेलागणीला अजमलचा फोन आला. कृष्णातची ड्युटी संपतच आली होती.

"पोचलास का रं? काय खबर?"

"पोचलो. आत हाय ती. डॉक्टर म्हणतात, आता होईलच." अजमलचा आवाज दबलेला होता. "दादा, हितं बी न्हाई."

"काय न्हाई?"

"वारा. व्हरांड्यातला पंखा फिरतोय, मला दिसतोय फिरताना, पर अंगाला वारा लागंना. खिडकीतनं झाडाचं पान हलंना. जीप गावात शिरली तवापासनं असंच हाय."

कृष्णातनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि खुर्ची कॉम्प्युटरकडं ओढली.

"आणि खाली रस्त्यावर माणसं उभी राहिल्यात. दुकानातली, रिक्षावाली, बायका. नुस्ती उभी हायत. सगळी हिकडंच तोंड करून. बोलत न्हाईत, काय न्हाई. दादा, मी खिडकीच्या ह्या बाजूला आलो तर…"

"खिडकीपासनं बाजूला हो," कृष्णात म्हणाला. "लगेच हो बाजूला."

बोलता बोलता तो चित्राकडं बघत होता. वर डावीकडं पठार. तिथून खाली, उजवीकडं. कराड, ताकारी, सांगली, आणि पार कोपऱ्यात मिरज. फौजेत नकाशे वाचून पोट भरलेला माणूस, आणि एवढं साधं आपल्याला दिसू नये! ज्याला तो समुद्र समजला होता, त्यात समुद्र कुठं नव्हताच. खाली घरं होती. त्यानं आपल्या हातानं ते उचलून अजमलच्या दारात ठेवलं होतं, त्याच्या बायकोच्या खाटेशी.

फोनमध्ये कुठलंसं दार उघडलं. एका बाईचा आवाज आला, "मुलगी झाली." मग घाईघाईची पावलं. अजमल फोन बंद करायला विसरला होता, किंवा बंद करावासा त्याला वाटला नव्हता.

कृष्णात कान लावून राहिला. रडणं येईना. पाठीवर हलकेच थापटल्याचा आवाज येत होता. कुणी म्हणालं, "बाळ, रड, रड." कुणी म्हणालं, "श्वास घेत नाहीये." परत थापटणं. अजमल, कुणाशी कुणास ठाऊक, पुन्हा पुन्हा म्हणत होता, "वारा न्हाई हितं, वारा न्हाई हितं, तिला बाहेर न्या."

कृष्णातनं माऊस धरला. खूण करायची, पण कुठं? मिरजेपासून बोटभर सरकवावी तर सांगली. तिथं वसतिगृहाच्या गच्चीवर या वेळेला शिवांजली अभ्यास करत बसते. वर सरकवावी तर कराड. कुठंही टाका, खाली कुणीतरी आहेच. कुणाची तरी चूल, कुणाचं तरी पोर. चित्रात एवढी मोकळी जागा दिसत होती आणि त्यातली एकही मोकळी नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या शब्दावर चढलेला माणूस आपण खाली आणला, आणि मग असं केलं.

सगळ्या चित्रात एकच जागा अशी होती, जिथं आत्ता कोण आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. पुजारी दिवा लावून गेला होता, गुरं खाली उतरली होती. वर फक्त तोच होता.

त्यानं वर डावीकडं, आपण बसलो होतो तिथंच, खूण केली.

एक क्षण काही झालं नाही. मग फोनमध्ये धाडकन खिडकी आपटली, काच फुटली, बायका ओरडल्या, आणि त्या सगळ्यातून बारीक, चिडकी, रागावलेली अशी पोरगी रडली. थांबली, दम घेतला, आणि परत भोकाड पसरलं.

"दादा!" अजमल हसत होता का रडत होता कळत नव्हतं. "रडली! ऐकलं का? वारा सुटला बघा, लय वारा सुटला! खाली ती माणसं बी हलली, चालल्यात आपापली! ऐकू येतंय का पोरगीचं?"

"येतंय," कृष्णात म्हणाला. "चांगलं खणखणीत येतंय."

खरंच खणखणीत येत होतं. खोलीत दुसरा काही आवाजच उरला नव्हता. पात्यांचा नाही, खिडकीच्या फटीतून शिरणाऱ्या वाऱ्याचा नाही. टेबलावरचा कागद मघापर्यंत फडफडत होता, तो आता पडून होता. मोठ्या पडद्यावर एकेक बाण वळत होता, आणि कड्याकडं नाही, तळ्याकडं नाही. कृष्णातनं त्यांचं वळणं संपायची वाट बघितली नाही. त्यानं पडदा बंद केला. खुर्ची फिरवून खिडकीकडं पाठ केली.

"अजमल, ऐक. रजा घे. चांगली मोठी घे. मी सांगितल्याबिगर पठारावर पाय ठेवायचा न्हाई. साहेबांनी सांगितलं तरी न्हाई."

"बरं, दादा. तुमचा आवाज असा का येतोय? तिकडं कसं हाय?"

त्याच्या डोक्यावरचा दिवा थोडा मंद झाल्यासारखा वाटला, जणू वरून कुणी वाकलं होतं. कृष्णातनं वर बघितलं नाही.

"हिकडं व्हय?" तो म्हणाला. "हिकडं लय शांत हाय, गड्या. तू पोरगीकडं बघ."

आणि फोन चालूच ठेवून तो तिचं रडणं ऐकत बसला.